होडी वाळत घातली

फोड दिसला की मला तो फोडावाच लागतो. टाचेचा असो, भिंतीच्या रंगाचा असो, तव्यावरच्या पॅनकेकचा असो. म्हणून त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत आमची होडी पाण्याबाहेर काढली आणि तिच्या पोटावर वाटाण्याएवढा एक फोड दिसला, तेव्हा मी केसांतली पिन काढली आणि टोचली. बस, एवढंच केलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जे जे झालं ते सगळं त्या पिनेमुळे झालं, असं माझा नवरा आउलिस म्हणतो. (तो पेपर वाचतानाही असंच म्हणतो. मग पूर आलेला असो नाहीतर सरकार पडलेलं असो.)

फोडातून चिकट पाणी ओघळलं. व्हिनेगरसारखा वास.

"आउलिस," मी हाक मारली, "तुझ्या होडीला पू झालाय."

तो वाकून बघायला आला आणि लाकडी टेकूवर डोकं आपटून घेतलं.

"तू टोचलंस?"

"मग काय मलम लावू?"

होडी फायबरची, शिडाची, वयाने आमच्या लग्नापेक्षा थोडी लहान. सायमा सरोवराच्या गोड्या पाण्यात तिचे सगळे उन्हाळे गेले. आउलिसने तिला माझंच नाव दिलंय, हिल्का. (नवं लग्न झालेले पुरुष असल्या चुका करतात. नंतर रंग महाग झाला म्हणून नाव बदललं नाही, असं तो सांगतो.)

आमच्या बोट क्लबात काही बिघडलं की एन्सियो मास्तरांना बोलावतात. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुलं संपली, पण शिकवणं संपलं नाही. त्यांच्याकडे ओलावा मोजायचं एक छोटं यंत्र आहे आणि ते त्यांच्या गळ्यात असतं, गायीच्या गळ्यात घंटा असावी तसं. त्यांनी ते होडीच्या पोटाला लावलं. काटा हिरव्या पट्ट्यावर थांबला नाही, पिवळ्यावर थांबला नाही, लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन थरथरत बसला.

"फायबर म्हणजे काच नव्हे," मास्तर म्हणाले. "वर्षानुवर्षं पाण्यात बसलं की हळूहळू पाणी पितं. आत गेलेलं पाणी आंबतं, आणि मग बाहेर यायला वाट शोधतं."

"म्हणजे आपल्या वेइयोसारखं," मी म्हटलं.

वेइयो म्हणजे शेजारच्या होडीचा मालक. आयुष्यभर ट्रक चालवला, आता क्लबात बिअर पीत दुसऱ्यांची कामं बघत उभा असतो.

"मी आंबत नाही, हिल्का," तो म्हणाला. "मी मुरतो."

मास्तर पेचकसाच्या मुठीने होडी ठोकत ठोकत पुढून मागे गेले. चांगल्या जागी टण वाजतं, वाईट जागी ठप. आमची होडी ठप, ठप, ठप, टण, ठप अशी वाजली. आउलिस आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा ऐकत होता.

निकाल असा लागला: तळाचा वरचा गुळगुळीत थर सगळा खरवडून काढायचा. गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं. मग वाळवायचं, काटा हिरव्यावर येईपर्यंत. मगच इपॉक्सीचे, म्हणजे पाणी आत न सोडणाऱ्या राळेचे, हात द्यायचे. वसंतात क्रेन एकदाच येते, सगळ्या होड्या त्याच दिवशी पाण्यात सोडते आणि जाते. तोवर तळ वाळला नाही, तर होडी उन्हाळाभर जमिनीवर.

इथे मला आउलिसबद्दल थोडं सांगायला हवं. माझी स्वतःची शाळा सहावीत सुटली. नंतर मी पुन्हा शाळेत गेले ती थेट स्वयंपाकघरात, आणि आजवर तिथेच आहे. तीनशे पोरांचं जेवण करते. आउलिस कागदगिरणीत होता. त्याच वर्षी गिरणीने त्याचं मशीन बंद केलं आणि त्याला पेन्शन देऊन घरी धाडलं. घरी आला, इकडेतिकडे बघितलं, दुसरं मशीन सापडेना, तेव्हा त्याने माझं स्वयंपाकघर चालवायला घेतलं. कपाटातले कप असे लावले की सगळ्यांचे कान एकाच दिशेला. मी बटाटे सोलायला बसले की मागे येऊन उभा राहायचा. बोलायचा नाही. नुसतं एक साल उचलून उजेडात धरायचा, जाडी बघायला.

म्हणजे हिशेब सरळ होता. होडी पाण्यात, तर आउलिस पाण्यात, बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत. होडी जमिनीवर, तर आउलिस माझ्या मानेवर. होडी बरी व्हावी असं त्या वर्षी माझ्याइतकं कोणालाच वाटत नव्हतं, होडीलासुद्धा नाही.

आउलिस पांढरा झगा आणि मुखवटा घालून खरवडायला लागला. हिवाळाभर तो रोज संध्याकाळी पिठात लोळलेल्या माशासारखा घरी यायचा. गावात बातमी पसरवायचं कामही त्यानेच केलं. एकदा आम्ही दुकानात रांगेत उभे होतो, आणि मागून कोणीतरी विचारलं, कसं काय चाललंय? तर हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय सांगू, हिल्काच्या बुडाला फोड आलेत. खरवडून काढतोय." रांगेतल्या बायका माझ्याकडे वळल्या. मी हातातलं लोणी त्याच्या पिशवीत आपटलं आणि सांगितलं, "होडी! होडीच्या बुडाला!" कोणी विश्वास ठेवला नाही. एकीने मलमाचं नाव सांगितलं.

थंडीत कपडे वाळतात, होडी वाळत नाही. सरोवरावरचा बर्फ काळा पडून तडकायला लागला तरी काटा लाल पट्ट्यावरच.

"उन्हाळाभर तशीच ठेवा," मास्तर म्हणाले. "ऊन आहे, वारा आहे. पुढच्या वर्षी पाण्यात सोडा."

"पुढच्या वर्षी मी तुरुंगात असेन," मी म्हटलं. "खुनाच्या आरोपाखाली. दुसरं काहीतरी सांगा."

मास्तरांनी आउलिसकडे बघितलं. आउलिसने बुटांकडे बघितलं.

"उष्णता द्यायला हवी," मास्तर म्हणाले. "पण कोरडी. नीट ऐका, हिल्काबाई. कोरडी."

विजेचे हीटर लावले तर क्लबचा फ्यूज उडतो. तेव्हा शेगडीची कल्पना माझी होती, ते मी नाकारत नाही. आमच्या जुन्या सौनातली, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून उघड्या अंगाने वाफ घ्यायच्या खोलीतली, लोखंडी शेगडी पडवीत पडून होती. आम्ही होडीच्या काठापासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी ताडपत्री सोडली, आत शेगडी ठेवली, धुराडं बाहेर काढलं. होडीखाली एक तंबूच तयार झाला. माणूस उभा राहू शकत नाही, पण बिअरच्या क्रेटवर मजेत बसू शकतो, एवढा.

"दगड कशाला?" मी विचारलं, कारण आउलिस शेगडीवर सौनाचे दगड रचत होता. एकेक धुऊन, पुसून.

"दगड ऊब धरून ठेवतात. शेगडी विझली तरी गरम राहतं."

"होडीला सौना द्यायचा नाहीये."

"दगडांशिवाय शेगडी कशी दिसते ते बघ तरी," आउलिस म्हणाला. "बोडकी."

मी गप्प बसले. तिथे चुकले.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. काटा लालवरून पिवळ्यावर आला. मास्तरांनी आउलिसशी हस्तांदोलन केलं. मी तर मनातल्या मनात कपांचे कान पुन्हा हवे तसे फिरवून टाकले. आणि मग काटा परत वर चढायला लागला. संध्याकाळी पिवळा, सकाळी लाल.

"जमिनीतून दमटपणा येत असेल," मास्तर म्हणाले.

"सरोवराकडून वारा आहे," आउलिस म्हणाला.

"चंद्र," वेइयो म्हणाला, आणि खुलासा केला नाही.

मी शिकलेली नाही, त्यामुळे मला चंद्राचं कळत नाही. मी होडीच्या पोटावरून हात फिरवला. मागच्या बाजूला काहीतरी चिकटलं होतं. सोलून काढलं, तर बर्चचं पान. हिरवं. आता बाहेर बघावं तर क्लबच्या आवारातले बर्च खराट्यासारखे उभे, एका फांदीला साधा कोंब नाही. मी सायकल काढून घरी गेले आणि फ्रीझर उघडला. ब्लूबेरीच्या डब्यांमागे मी गेल्या उन्हाळ्यात बांधून ठेवलेल्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या असतात, हिवाळ्यात सौनात अंग झोडायला. नव्हत्या.

परत आले. ताडपत्रीच्या आतून हसण्याचा आवाज येत होता. मी कड धरून उचलली.

वाफेचा असा लोट आला की क्षणभर काही दिसेना. मग दिसलं, आणि न दिसलेलं बरं होतं. तीन बिअरचे क्रेट, तीन पुरुष, अंगावर एक धागा नाही, तिघांची डोकी होडीच्या पोटाला टेकलेली. मधल्याच्या गळ्यात ओलावा मोजायचं यंत्र.

"दार लाव, हिल्का!" वेइयो ओरडला. "वाफ जाते!"

"मास्तर," मी म्हटलं, "तुम्हीसुद्धा?"

"मी मोजायला आलो होतो."

"कपडे काढून?"

"कपड्यांत ओलावा असतो," मास्तर म्हणाले. "मोजमाप चुकतं."

"आउलिस. पाणी कोणी टाकलं?"

"थोडंसंच."

"कोणी?"

"दगड तापले होते, हिल्का," तो म्हणाला. "अगदी लाल. नुसतेच. तू बघितलं असतंस तर तुलाही वाईट वाटलं असतं."

मी बादली उचलली, लाकडी ओगराळं उचललं, जुड्या उचलल्या, आणि तिघांना काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. (वेइयोने नंतर सांगितलं की ट्रक चालवण्याच्या उभ्या आयुष्यात त्यातले दोन शब्द त्याने ऐकले नव्हते.) त्या दिवसापासून ताडपत्रीला साखळी आणि कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. शाळेत जाण्याआधी शेगडी पेटवायला मी, शाळा सुटल्यावर सरपण घालायला मी, आणि अंधार पडेपर्यंत आत क्रेटवर विणकाम घेऊन बसायलाही मीच. पुरुषांना ताडपत्रीच्या बाहेर उभं राहून बोलायची परवानगी होती.

काटा पुन्हा उतरायला लागला.

एक दिवस सिल्वी आली. क्रेनच्या दिवसाचं सगळं तिच्याकडे असतं, कोणती होडी आधी, कोणती नंतर. तिच्याशी क्लबातले पुरुष टोपी काढून बोलतात.

"तुमची होडी जाणार का नाही, एवढं सांग," ती म्हणाली. "मागच्या रांगेतले माझा जीव खातायत."

"जाणार. बस ना."

बसली. कोट काढला. मग स्वेटर काढला. शेगडीकडे बघितलं.

"छान ऊब आहे गं."

"कोरडी आहे," मी म्हटलं.

"हो, कोरडी आहे." तिने मान चोळली. "फारच कोरडी आहे नाही?"

"सिल्वी."

"मी काही बोलले का? माझी मान धरलीये, एवढंच म्हणते. ओगराळंभर वाफेने..."

"सिल्वी, ऊठ."

"तू दगडच आहेस, हिल्का," ती स्वेटर चढवत म्हणाली. "दगड तरी कधीतरी भिजतो."

तिलाही बाहेर काढलं. माझ्या हातून कोणी सुटलं नाही. क्रेन यायच्या आधीच्या आठवड्यात काटा हिरव्याच्या उंबरठ्यावर आला. मास्तर म्हणाले, शनिवारी सकाळी शेवटचं मोजतो. हिरवा असला की लगेच इपॉक्सी. आउलिसने झोपताना माझा हात दाबला. मी त्याला उन्हाळ्यात कोणकोणत्या बेटांवर जाता येईल त्यांची नावं सांगितली, लांबची आधी.

शुक्रवारी शाळेत दोन मोठे हंडे एकटीने उतरवले आणि कंबर गेली. तशीच क्लबात आले, सरपण घातलं, आत बसले. थर्मासातली कॉफी ओतून घेतली, प्यायले. कपाच्या तळाशी घोटभर राहिली, गाळासकट. ती कोणी पितं का? टाकायची तर वाकून ताडपत्रीबाहेर जायला हवं, आणि कंबर तर ही अशी. शेगडी हाताशी होती. मी कप शेगडीवर उलटा केला.

फस्स.

काय सांगू. दगड लाल होते. ती वाफ वर गेली, होडीच्या पोटाला लागून वळली आणि कोणीतरी आपल्या माणसाने हात ठेवावा तशी माझ्या कमरेवर येऊन टेकली. कंबर म्हणाली, अजून. मी कमरेचं कधी ऐकत नाही, पण त्या दिवशी ऐकलं. थर्मासात उरलेली कॉफी टाकली. मग क्लबच्या शेडमागे मातकट बर्फाचा ढीग शिल्लक होता, त्याची एक बादली. मग दुसरी. (अंगावरच्या कपड्यांचं म्हणाल, तर मास्तरांचं विज्ञान बरोबर होतं. कपड्यांत ओलावा असतो.)

तिसरी बादली आणावी का, असा विचार चालला होता आणि ताडपत्रीची कड उचलली गेली.

"दार लावा!" मी ओरडले. "वाफ जाते!"

बाहेर इपॉक्सीचे डबे हातात घेऊन आउलिस उभा होता, सकाळची तयारी करायला आलेला. मागे वेइयो ब्रश घेऊन. त्याच्या मागे मास्तर. मी स्वेटर ओढून घेतला. मास्तरांनी सभ्य माणसासारखी पाठ फिरवली, उलट्या पावलांनी दोन पावलं आत आले, आणि हात मागे करून यंत्र होडीच्या पोटाला लावलं. मग पुढे नेऊन काटा बघितला. बघितला, आणि यंत्र खिशात घातलं. त्या यंत्राला खिशात जाताना मी पहिल्यांदाच बघितलं.

होडीच्या पोटावरून तपकिरी थेंब टपकत होते. वेइयोने एक बोटावर घेऊन हुंगला.

"कॉफी," तो म्हणाला. "कडक आहे. साखर नाही घातलीस?"

आउलिसने डबे खाली ठेवले. आता आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होते, माझ्याकडेही उत्तरं होती. पण तो शेगडीकडे बघत राहिला.

"दगड तापले होते?" त्याने विचारलं.

"लाल झाले होते."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला, आणि ताडपत्रीची कड व्यवस्थित खाली सोडली. वाफ जाऊ नये म्हणून.

क्रेन आली, बाकीच्या होड्या उचलल्या, पाण्यात सोडल्या आणि गेली. सिल्वीने आमच्या होडीवर चिठ्ठी लावली: 'वाळत आहे.' उन्हाळाभर ऊन आणि वारा आपापलं काम करत राहिले. त्याला शेगडी लागत नाही, राखण लागत नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नवरा लागत नाही. आउलिस घरी आला आणि माझा एप्रन चढवला.

मी भांडले. पुष्कळ भांडले. पण ज्या बाईला अख्ख्या क्लबने बर्फाच्या बादलीसकट बघितलंय, तिच्या भांडणाला पहिल्यासारखी धार राहत नाही. मी आवाज चढवला की तो नुसता म्हणायचा, "कॉफी घेतेस का?" आणि मी गप्प.

त्याने वाटाण्याच्या सूपपासून सुरुवात केली. कागदाचं मशीन चालवतात तसं करायचा: वाटाणे किती वेळ भिजले, आच किती, ढवळायचं कधी, ढवळायचं नाही कधी. आवार झाडायच्या दिवशी क्लबात सगळ्यांसाठी एक मोठं पातेलं घेऊन गेला. सिल्वीने दोनदा घेतलं. वेइयोने पातेलं पावाने पुसलं. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाही होत्या, त्यांच्या नवऱ्याची होडी तिथेच असते. त्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. माझं सूप त्या इतकी वर्षं रोज डोळे उघडे ठेवून खातायत.

ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या आधी त्यांचा फोन आला. मी म्हटलं, "हो बाई, सोमवारी हजर."

"ते झालंच, हिल्का," त्या म्हणाल्या. "तुमची मदतनीस लग्न करून स्वीडनला गेली ना. आउलिस आहेत का घरी?"

तर आता तो माझ्या दोन्ही स्वयंपाकघरांत आहे. होडी म्हणे वाळली. पुढच्या वसंतात जाईल पाण्यात, फक्त शनिवार-रविवारी, कारण आउलिसला नोकरी आहे. पांढरी टोपी तो स्वतः इस्त्री करतो. पहिल्या गुरुवारी तीनशे पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती, मुख्याध्यापिका त्यांच्या पुढे. सूप सगळ्यांना पुरावं म्हणून मी पाण्याची बादली उचलून हंड्यावर कलती केली. तेवढ्यात मागून आवाज आला. पोरांना ऐकू जाणार नाही इतका हळू, पण मुख्याध्यापिकेपर्यंत जाईल इतका स्वच्छ.

"हिल्का, पाणी जरा बेताने."